एका खोलीतली बायबल शाळा

उन्हाळी सुट्टीतील बायबल शाळा घेण्यासाठी मी पहिल्यांदा एका खेड्यातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत गेले, तेव्हा माझ्याबरोबर दोन सहकारी आणि साहित्याने भरलेल्या चार पेट्या होत्या. पेट्यांमध्ये चार वयोगटांची चार पाठ्यपुस्तके होती, तीस मुलांना पुरेल इतके हस्तकलेचे सामान होते, प्रोजेक्टर होता आणि पाच दिवसांचे छापील वेळापत्रक होते. त्या वेळापत्रकाप्रमाणे मुलांचे गट दर वीस मिनिटांनी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणार होते. चर्चला खोली एकच होती. पहिल्या सकाळी अकरा मुले आली. सर्वांत धाकटा चार वर्षांचा होता, सर्वांत मोठी मुलगी चौदा वर्षांची होती आणि अकरांपैकी सात जण एकमेकांची सख्खी किंवा चुलत भावंडे होती.

तरीही आम्ही गट पाडले, कारण तयारी तशीच केलेली होती. चार वर्षांचा मुलगा बहिणीचा हात सोडीना आणि शेवटी रडू लागला. एका गटात दोनच मुले उरली. खोलीच्या एका कोपऱ्यात मी गोष्ट सांगत होते, दुसऱ्या कोपऱ्यात सहकारी गाणे शिकवत होता आणि मुले आमच्या दोघांकडेही आळीपाळीने पाहत होती. वीज गेल्यामुळे प्रोजेक्टर पेटीतच राहिला. दुपारी मुले गेल्यावर आम्ही पाळकसाहेबांजवळ, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंजवळ, बसलो, तेव्हा त्यांनी अगदी साधेपणाने विचारले, “ही मुले घरी दिवसभर एकत्रच असतात. मोठी धाकट्यांना सांभाळतात, धाकटी मोठ्यांचे पाहून शिकतात. इथे आल्यावर तुम्ही त्यांना वेगळे का करता?” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही वेळापत्रक बाजूला ठेवले आणि उरलेल्या चार दिवसांसाठी एकच वर्ग करायचे ठरवले. त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात, ज्या ज्या छोट्या मंडळीत गेले तिथे, मी एकाच वर्गाची शाळा घेत आले आहे.

एक वर्ग म्हणजे सर्वांना सर्वांत लहान मुलाच्या पातळीवर आणणे, असा समज पुष्कळांचा असतो आणि सुरुवातीला माझाही होता. गोष्ट सर्वांना एकच सांगायची, पण त्या गोष्टीतले काम प्रत्येकाला वेगळे द्यायचे, हे मला दुसऱ्या दिवशी शमुवेलाच्या पाचारणाची गोष्ट घेताना उमगले. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात रात्री देवाची हाक ऐकून तो मुलगा ती त्याला सांभाळणाऱ्या वृद्ध याजक एलीचीच समजतो आणि तीन वेळा त्याच्याकडे धावत जातो. ते धावणे सर्वांत लहान मुलांना दिले. पाळकसाहेब एली होऊन चटईवर पडून राहिले आणि मुले प्रत्येक हाकेला धावत त्यांच्याजवळ जाऊन परत येऊन निजत होती. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मी विचारले की, देवाच्या मंदिरात आयुष्य काढलेल्या एलीला हाक कोणाची आहे हे पहिल्यांदाच का कळले नसेल. मोठ्या मुलांना मी त्याच अध्यायाचा उरलेला भाग वाचायला दिला. मुलांसाठी लिहिलेली पुस्तके बहुधा “बोल, तुझा दास ऐकत आहे” या उत्तरापाशी थांबतात. पण पुढे शमुवेलाला जो निरोप मिळतो तो एलीच्याच घराण्यावरच्या शिक्षेचा असतो आणि सकाळी तो एलीला सांगायला शमुवेल भितो. तेरा वर्षांचा एक मुलगा, जो आदल्या दिवशी एक शब्दही बोलला नव्हता, ते वाचून म्हणाला, “ज्यांनी सांभाळले त्यांनाच हे सांगायचे होते. मग भीती वाटणारच.” त्यानंतर मोठ्या मुलांशी जे बोलणे झाले, ते माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. घरातल्या मोठ्या माणसाचे चुकते आहे असे दिसले तर काय करायचे, गप्प राहणे हा मान राखणे असते का, असे त्यांचे प्रश्न होते. धाकटी मुले तेव्हा बाजूला बसून हाकेचे चित्र रंगवत होती, पण कान आमच्याकडे लावून होती. दुसऱ्या दिवशी त्यांतल्याच एकीने विचारले की, एलीला राग आला का. “तो परमेश्वर आहे, त्याला बरे वाटेल ते तो करो,” या अर्थाचे एलीचे उत्तर मी तिला वाचून दाखवले. बहीण पलीकडे बसून तो अध्याय वाचत होती, म्हणूनच सहा वर्षांच्या मुलीला तो प्रश्न सुचला होता.

या शाळांचा उगम कसा झाला, हे मी नंतर मुद्दाम वाचून काढले, आणि छोट्या मंडळींत काम करणाऱ्याला त्यातून धीर येतो म्हणून इथे सांगते. 1894 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या होपडेल या लहानशा गावी श्रीमती माइल्स या शिक्षिकेने, ज्यांचे पती तिथे पाळक होते, चाळीस मुलांसाठी चार आठवड्यांची उन्हाळी बायबल शाळा भरवली. चार वर्षांनी, 1898 मध्ये, न्यूयॉर्कमध्ये श्रीमती हॉज यांनी शहराच्या पूर्व भागातल्या गरीब वस्तीतली मुले उन्हाळ्यात रस्त्यावर भटकतात हे पाहून त्याच वस्तीतले एक मद्यगृह भाड्याने घेतले आणि तिथे रोजची बायबल शाळा सुरू केली. पुढे ती चर्चच्या इमारतीत घेतली तेव्हा मुलांची उपस्थिती रोडावली आणि त्या पुन्हा वस्तीकडे परतल्या. 1901 पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी या कामाला संघटित रूप दिले आणि ते इतर शहरांत नेले. म्हणजे आज या शाळांना जी पाच दिवसांची, छापील पाठांची, सजावटीची ओळख आहे ती नंतरची आहे. सुरुवातीला होती ती एक बाई, मिळेल ती जागा आणि बरेच आठवडे. छोट्या मंडळीजवळ मोठ्या चर्चसारख्या खोल्या आणि माणसे नसतात म्हणून तिने संकोच करण्याचे काही कारण नाही, असे मला तेव्हापासून वाटते.

श्रीमती हॉज यांचा तो अनुभव मला दुसऱ्या एका मंडळीत उपयोगी पडला. तिथले चर्च वस्तीपासून दूर होते आणि सकाळी दहाला शाळा ठेवली तर चार-पाच मुलेच येत. घरोघरी जाऊन विचारल्यावर कळले की, नऊनंतर मोठ्या मुलांना गुरांमागे जावे लागते आणि धाकट्यांना एकटे इतक्या लांब पाठवायला आया तयार नसतात. आम्ही शाळा सकाळी साडेसहाला, वस्तीतल्याच एका झाडाखाली आणली आणि साडेआठला संपवली. मुलांची संख्या तिसऱ्या दिवशी सतरा झाली. वेळ कमी झाली म्हणून हस्तकला रोजच्याऐवजी दोनच दिवस ठेवली, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही. दोन तासांत गाणी, प्रार्थना, गोष्ट, वचन आणि खेळ एवढे नीट होते. हस्तकलेने ज्या दिवशी गोष्टीचा वेळ खाल्ला त्या दिवशी मुले घरी कागदाची वस्तू घेऊन गेली, पण गोष्ट नेली नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

झाडाखालच्या शाळेत मंडळीबाहेरच्या घरांतली मुलेही येऊन बसत. त्यांच्या पालकांना आम्ही स्वतः जाऊन भेटत असू, इथे बायबलमधल्या गोष्टी सांगतो आणि येशूविषयी शिकवतो हे स्पष्ट सांगत असू आणि त्यांची लेखी परवानगी घेतल्यावरच मुलाचे नाव हजेरीत घालत असू. परवानगी न देणाऱ्या आईशी वाद घालायचा नाही, असा आमचा नियम होता. त्याच काळात मी आणखी एक गोष्ट सोडून दिली. पूर्वी शेवटच्या दिवशी, ज्यांनी येशूला आपल्या जीवनात स्वीकारले त्यांनी हात वर करा, असे मुलांना सांगण्याची पद्धत मी पाळत असे. एका वर्षी सर्वांनी हात वर केले, सर्वांत लहान मुलाने तर दोन्ही. मुलांना आम्ही आवडत होतो आणि आम्हाला आनंद व्हावा असे त्यांना वाटत होते, एवढेच त्यांत होते. आता मी तसे विचारत नाही. ज्याला बोलायचे असेल त्याने पाळकसाहेबांशी किंवा आईवडिलांशी बोलावे, एवढे सांगते, कारण विश्वास हा पाच दिवसांच्या उत्साहावर तोलायचा विषय नाही.

बिनशब्दांच्या, नुसत्या रंगीत पानांच्या पुस्तकाबद्दलही माझे मत असेच अनुभवातून बदलले. लंडनचे प्रवचनकार स्पर्जन यांनी 1866 मध्ये काळे, लाल आणि पांढरे अशी तीनच पाने वापरून मुलांसमोर प्रवचन केले, नंतर अमेरिकन प्रवचनकार मूडी यांनी त्यात सोनेरी पानाची भर घातली आणि न वाचता येणाऱ्यांना सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगण्याचे ते एक सोपे साधन जगभर झाले. मी ते वर्षानुवर्षे वापरले. एकदा काळे पान दाखवून हे पापाचे पान असे मी म्हटले, तेव्हा समोर बसलेल्या सावळ्या मुलीने आपले हात फ्रॉकखाली लपवले. त्या दिवसापासून ते पान दाखवताना मी अंधाराची गोष्ट सांगते, दिवा विझल्यावर घर कसे होते ते सांगते आणि रंगाला पाप म्हणत नाही.

पाठांतराच्या बाबतीत झालेली चूक मात्र अधिक काळ माझ्या लक्षात आली नव्हती. तेविसावे स्तोत्र सहा वचनांचे आहे आणि पाच दिवसांत ते बसत नाही, म्हणून पहिली चार वचने घेऊन पाचव्या दिवशी उजळणी, असे मी ठरवत असे. फळ्यावर वचन लिहायचे, सर्वांनी म्हणायचे, मग एकेक शब्द पुसत जायचे आणि शेवटी कोऱ्या फळ्याकडे पाहून पूर्ण वचन म्हणायचे, ही पद्धत मुलांना आवडते. त्या वस्तीत दहा वर्षांचा एक मुलगा प्रत्येक वेळी फळ्याची पाळी आली की पाणी प्यायला उठून जाई. दोन दिवस मी त्याला खोडकर समजले आणि तिसऱ्या दिवशी थोडे रागावलेही. त्याच संध्याकाळी त्याच्या चुलत बहिणीने मला हळूच सांगितले की, त्याला वाचता येत नाही. मला स्वतःची फार लाज वाटली. चौथ्या दिवशी फळा आणलाच नाही. वचनाच्या प्रत्येक तुकड्याला हाताची एक खूण केली: मेंढपाळाची काठी, हिरवे कुरण, संथ पाणी, अंधारी दरी. ती खूण कोणती असावी हे मुलांनीच ठरवायचे, असे सांगितले. दरीसाठी दोन्ही तळहात जवळ आणून त्यांतून एक बोट पुढे सरकवण्याची खूण त्याच मुलाने काढली आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर स्तोत्र म्हणताना इतर मुले खुणांसाठी त्याच्याकडे पाहत होती. पाठांतरासाठी तारे आणि बक्षिसे देणे मी त्या वर्षी थांबवले. ती नेहमी ज्या मुलांना मिळत, त्यांना घरी शिकवायला कोणी ना कोणी होते.

एवढे सगळे सुधारत असताना सर्वांत मोठी उणीव तशीच राहिली होती. दुसऱ्या वर्षी पहिल्याच मंडळीत परत गेले तेव्हा मुले धावत आली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही गेल्यापासून आम्ही रोज वाट पाहत होतो.” मला भरून आले. पण रात्री पाळकसाहेबांशी बोलताना कळले की, आम्ही गेल्यानंतर वर्षभरात मुलांसाठी काहीच झाले नव्हते. शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची रविवारची बायबल शाळा, दोन रविवार भरली आणि बंद पडली. मंडळीतल्या लोकांना वाटत होते की, आमच्यासारखी गाणी, चित्रे आणि खेळ त्यांना जमणार नाहीत. म्हणजे आम्ही जितके चांगले काम केले होते, तितके त्यांना स्वतःचे काम कमी वाटू लागले होते. मुलांचे ते वाट पाहणे मग मला सुखाचे वाटेना.

तिसऱ्या वर्षापासून आम्ही क्रम बदलला. शाळेच्या आधी तीन संध्याकाळी मंडळीतल्या चार माणसांबरोबर बसायचे. पहिल्या दोन दिवशी गोष्ट आम्ही सांगायची, तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून आणि चौथ्या-पाचव्या दिवशी फक्त त्यांनी. त्या चौघांत पहिल्या वर्षी चौदा वर्षांची असलेली ती मुलगी होती, जी आता सोळा वर्षांची झाली होती; एक शेतकरी होते, ज्यांचा आवाज गाण्याला उत्तम होता; पाळकसाहेबांच्या पत्नी होत्या; आणि एक वृद्ध काकू होत्या, ज्यांना वाचायला जड जाई, पण शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या, गोष्टी तोंडपाठ होत्या. तीन संध्याकाळी मी तंत्राचे फारसे काही शिकवले नाही. गोष्ट आधी तीनदा मोठ्याने वाचायची, मग पुस्तक मिटून एकमेकांना सांगायची, आणि ऐकणाऱ्याने फक्त एवढे सांगायचे की, कुठे चित्र डोळ्यांसमोर आले आणि कुठे आले नाही. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम मात्र मी लिहून दिले आणि भिंतीवर लावायला सांगितले: कोणत्याही मुलाबरोबर एकच मोठा माणूस बंद खोलीत असणार नाही, नेहमी दोघे असतील, हजेरी येताना आणि जातानाही घ्यायची, मूल कोणाबरोबर घरी गेले ते लिहायचे, प्रथमोपचाराची पेटी आणि पिण्याचे पाणी हाताशी ठेवायचे. ओळखीच्या माणसांच्या छोट्या मंडळीत हे नियम अनावश्यक आहेत असे एकाने म्हटले. माझ्या मते ओळखीमुळेच त्यांची अधिक गरज असते, कारण ओळखीच्या माणसाबद्दल मूल लवकर तक्रार करत नाही.

चौथ्या दिवशी काकूंनी लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातल्या गोष्टी सांगितल्या. हरवलेल्या मेंढराची गोष्ट त्यांनी घाईने आटोपली, शंभरांऐवजी एकदा साठ मेंढरे म्हणाल्या, आणि मी मागे बसून त्यांना खूण करावी की नाही या विचारात होते. मग त्या हरवलेल्या नाण्यावर आल्या. दहांपैकी एक नाणे हरवलेली ती बाई दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधत राहते, एवढेच त्या गोष्टीत आहे. एका वचनात ते मावते. काकू सावकाश वाकल्या आणि खोलीच्या एका कोपऱ्यापासून झाडायला लागल्या. हातात काही नव्हते. प्रत्येक मुलाला त्या पाय वर घ्यायला सांगत होत्या, चटईचा कोपरा उचलून पाहत होत्या, मध्येच थांबून विचारत होत्या, “इथे पाहिले का मी?” मुले श्वास रोखून बसली होती. नाणे सापडले तेव्हा त्यांनी ते तळहातावर ठेवून प्रत्येकाला दाखवले आणि प्रत्येक मुलाने त्या रिकाम्या तळहातात वाकून पाहिले. मी इतकी वर्षे ही गोष्ट चित्रांच्या फलकावर सांगत आले होते, आणि ती बाई किती वेळ शोधत होती याचा विचार मी कधी केला नव्हता.

त्यानंतर माझ्या चार पेट्यांची एक पिशवी झाली. तिच्यात मराठी बायबल, फ्लॅनेलचे गुंडाळता येणारे कापड आणि त्यावर चिकटणाऱ्या आकृत्या, रंगीत खडू, कोरे कागद, दोरी, एक चेंडू आणि हजेरीची वही असते. मंडळीकडे नसेल आणि तिला घेता येणार नाही असे काहीही त्यात ठेवायचे नाही, हे मी ठरवले आहे. सुंदर साहित्य वाईट नसते, पण ज्या साहित्यावाचून शाळा होणारच नाही असे मंडळीला वाटू लागते, ते साहित्य तिथे नेऊन मी तिचे नुकसान करते.

गेल्या उन्हाळ्यात त्या पहिल्या मंडळीत मी दोनच दिवस होते, आणि तेही पाहुणी म्हणून. तारखा त्यांनी आधीच ठरवल्या होत्या. ती मुलगी आता शाळेची प्रमुख आहे. तिने शेवटच्या दिवसासाठी योना संदेष्ट्याची गोष्ट निवडली होती आणि आदल्या संध्याकाळी ती मला विचारायला आली. योनाला मासा गिळतो ती गोष्ट मुलांना ठाऊक आहे, म्हणून तिला चौथा अध्याय सांगायचा होता, पण तो तिला अडत होता. निनवे नगराला देवाकडून क्षमा मिळाली म्हणून योना रागावून बसतो, त्याला सावली देणारे झाड सुकते आणि मग परमेश्वर त्याला विचारतो की, ज्या नगरात उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आहेत आणि पुष्कळ गुरेढोरे आहेत, त्याची मी चिंता करू नये काय. तिथेच पुस्तक संपते. “योनाचे उत्तर नाहीच,” ती म्हणाली, “मग मी मुलांना शेवट काय सांगू?” मी तिला म्हटले की, जिथे पुस्तक थांबते तिथेच तू थांबून पाहा.

सकाळी ती तशीच थांबली. खोलीत एकोणीस मुले होती. थोडा वेळ कोणी बोलले नाही, मग पुढे बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाने विचारले, “मग योना काय म्हणाला?” ती म्हणाली, “ते लिहिलेले नाही. तू तिथे असतास तर काय म्हणाला असतास?” तो बराच वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, “गुरे पण होती ना?” ती हो म्हणाली. मागून तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे पहिल्या वर्षी बहिणीचा हात न सोडणाऱ्या त्या मुलाने, उभे राहून सांगितले की, योनाने उठून नगरात परत जायला हवे होते. त्यावर दुसऱ्याने, नगरातल्या लोकांनी आधी किती त्रास दिला होता ते विसरू नकोस, असे सुनावले, आणि दोघांचे बोलणे प्रार्थनेपर्यंत आणि प्रार्थनेनंतरही चालू राहिले. काकू दाराशी वही घेऊन कोण कोणाबरोबर घरी निघाले ते विचारत होत्या आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांची नात लिहून घेत होती.